बट्टा : जुना आणि नवा

पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे निरनिराळे रुपये चालत; एकाच्या बदल्यात दुसरा देताना सराफ बट्टा कापून घेत. डॉलरशी मूल्य बांधलेली ‘स्टेबलकॉइन’ ही संगणकीय नाणी रुपयांत बदलतानाही तेच घडते. समजा, मयूर विहारमधील एका गृहस्थांची 10,100 रुपये बाजारभावाची नाणी विनिमय-पेढीने 10,000 रुपयांना घेतली. हा 100 रुपयांचा बट्टा पावतीवर दिसत नाही. अर्धा टक्का शुल्काचे 50 रुपये आणि त्यावरील 18 टक्के वस्तू व सेवा कराचे 9 रुपये मात्र दिसतात. 1 जुलै 2022 पासून लागू झालेली 1 टक्का करकपात हा खर्च नव्हे; ती रक्कम वार्षिक विवरणपत्रात प्राप्तिकरापोटी जमा धरली जाते. तेव्हा केवळ शुल्काचा दर पाहून भागत नाही. येथे खरा खर्च 50 नव्हे, 159 रुपये आहे.