गेमचं संगीत कोणत्या रकान्यात?



मागच्या गॅदरिंगला अर्ज तपासायचं काम माझ्याकडे होतं. अर्जात 'प्रकार' असा रकाना : शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत, चित्रपटसंगीत, पाश्चात्त्य. माझ्या रूम पार्टनरने बासरीवर 'टेट्रिस'ची धून वाजवायची म्हणून नाव दिलं आणि प्रकार लिहिला, 'गेम'. "असा प्रकारच नसतो रे," म्हणत मी नाव खोडलं. तो काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून रूमवर बासरी वाजली नाही. मन खाऊ लागलं, म्हणून थोडा अभ्यास केला.

पहिलाच धक्का : गेमबॉयवर १९८९ साली गाजलेली 'टेट्रिस'ची ती धून म्हणजे 'कोरोबेइनिकी', एकोणिसाव्या शतकातलं रशियन फेरीवाल्यांचं गाणं. म्हणजे सरळसरळ लोकसंगीत!

मग ती 'गेमची' का वाटते? आवाजामुळे. गेमबॉयच्या चिपला चारच चॅनेल : दोन चौकोनी लहरींचे, एक हव्या त्या आकाराच्या लहरीचा आणि एक नॉइजचा. एवढ्यात सूर, साथ, ठेका सगळं बसवायचं. या आवाजाची पुढे 'चिपट्यून' नावाची स्वतंत्र शैलीच झाली. पण सगळ्या गेमचं संगीत तसं नाही. 'डूम' (१९९३) ऐकलं तर हेवी मेटलची आठवण येते. 'सिव्हिलायझेशन ४' (२००५) मधलं 'बाबा येतू' हे स्वाहिली भाषेतलं समूहगान. त्याला २०११ साली ग्रॅमी मिळालं. गेमसाठी रचलेल्या संगीताला मिळालेलं ते पहिलं ग्रॅमी. गेमच्या संगीतासाठी वेगळा ग्रॅमी पुरस्कार मात्र २०२३ साली सुरू झाला.

मग या सगळ्यांत समान काय? तर काम. सिनेमातलं गाणं ठरलेल्या वेळी संपतं. गेममध्ये खेळणारा कुठे किती रेंगाळेल, संगीतकाराला ठाऊक नसतं. 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) मध्ये फक्त चार खर्जाचे सूर फिरत राहतात; शत्रू कमी होतील तशी लय वाढते आणि आपले हात घामेजतात. 'मंकी आयलंड २' (१९९१) मध्ये जागा बदलली की चालू सुरावट न तुटता दुसरीत मिसळते. आपल्या भाषेत सांगायचं तर हे स्टेट मशीन आहे. इनपुट खेळणाऱ्याचं, आउटपुट संगीत.

थोडक्यात, 'गेम' ही शैली नव्हे, संगीताची जागा आहे. पण मग 'चित्रपटसंगीत' तरी काय? त्यात लावणी चालते, रागदारी चालते, रॉकही चालतो. तो रकाना छापताना मला एकदाही प्रश्न पडला नव्हता!

यंदाच्या अर्जात 'चित्रपट व गेम संगीत' असा रकाना केलाय. पहिला कोरा अर्ज घेऊन मी रूमवर गेलो आणि सॉरी म्हणालो. पार्टनरने अर्ज नीट वाचला, नाव लिहिलं आणि खूण केली 'लोकसंगीत'वर.

बासरी पुन्हा सुरू झालीय. शेजारच्या रूमवाल्यांनी सबमिशनपर्यंत सांभाळून घ्यावं, ही विनंती.