अडीचला निघालो ते कुणासाठी?

शेगावच्या आनंद सागर बागेच्या बंद दारासमोर आम्ही चौदा माणसं साडेचार तास बसून होतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पण का बसलो होतो, याची जी गोष्ट गावात फिरते ती खरी नाही. "त्यांनाच घाई झाली होती, मी काय करू," असं आमचा त्या दिवशीचा गाडीवाला आजही चारचौघांत सांगतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. लेकराबाळांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन शेगावला निघणाऱ्यांच्या कामी आलं तर मला समाधानच आहे.

2014 च्या मे महिन्यातला रविवार. देऊळगावराजाहून चिखली, अमडापूर, उंद्री, खामगाव आणि पुढे शेगाव. गाडी सतरा सीटची ट्रॅव्हलर, भाडं साडेचार हजार, त्यातले हजार इसार म्हणून आधीच दिलेले. गाडी दिवसभर आमच्याकडे, असं बोलणं झालं होतं. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गजानन महाराजांचं दर्शन घडवायचं आणि मुलांना आनंद सागर दाखवायचं, एवढेच दोन बेत. आईंचा गुडघा त्या वर्षी फारच धरला होता, म्हणून बसचा विचार सोडून गाडी केली.

मी म्हणत होते, सकाळी सहाला निघू. गाडीवाला म्हणाला, "ताई, मे महिना, त्यात रविवार. सहाला निघाले तर उन्हातबी सापडाल अन् गर्दीतबी. अडीचला निघू. उजाडायच्या आत गेटवर. पहिला नंबर तुमचा."

मला ते पटलं. का पटलं, तेही सांगते, कारण तुम्हालाही पटेल. पुण्याचा माझा भाचा त्याच्या आदल्याच वर्षी खोपोलीला सुरू झालेल्या इमॅजिकाला जाऊन आला होता. दार उघडायच्या आधी पोचायचं, आत शिरलं की थेट नायट्रो नावाच्या त्या मोठ्या झुल्याकडे पळायचं, मग बाकीचं निवांत पाहायचं, असं त्याचं सांगणं. अमेरिकेत डिस्नेलँडलाही लोक असंच करतात म्हणे, सकाळी दोरी सोडेपर्यंत दोरीमागे उभे राहतात. ते सगळं खरं आहे. पण तिथे गर्दी होते ती झुल्यांवर. एका झुल्यावर तासाला ठरावीक माणसं बसतात, त्यामुळे जो आधी पोचला त्याचा नंबर आधी. आनंद सागर हे मुळात तसं ठिकाण नाही. शेकडो एकरांचा पसारा, मोठा तलाव, बेटावरचं ध्यान केंद्र, झाडी, देवळं, संतांचे पुतळे. तिथे रांग लागायची ती छोट्या आगगाडीला. बाकी सगळं पायी फिरायचं आणि सावलीत बसायचं. अशा जागी पहिला नंबर लावून मिळवायचं काय, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. गाडीवाल्याला मात्र सगळं ठाऊक होतं. महिन्यातून चार फेऱ्या करणारा माणूस तो.

साडेपाचला आम्ही आनंद सागरच्या दारात होतो. मी म्हटलं, "आधी देवळात चला ना, पहाटेची वेळ आहे." तर म्हणाला, "देवळात आता गाडी लावायला जागा नाही भेटणार. दर्शन काय, दिवसभर होते. इथं मात्र दहानंतर पाय ठेवायला जागा राहत नाही." बोलता बोलता त्याने बॅगा, पाण्याचा जार, सतरंज्या, डब्यांची पिशवी, सगळं खाली काढलंसुद्धा. "चहा घेऊन येतो," म्हणाला आणि गेला. सहाला फोन लावला, उचलला नाही. साडेसहाला लावला तर बंद.

शेगावची पहाट ज्यांनी देवळात घालवली आहे त्यांना कळेल मी काय म्हणते ते. मंदिर पहाटेच उघडतं. त्या वेळी दर्शनबारी भरभर सरकते, रामाच्या देवळाखालच्या भुयारात समाधीपाशी क्षणभर तरी उभं राहता येतं, पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून पुढे नेतात. लवकर पोचण्याचं जे काही फळ शेगावात आहे ते सगळं तिथे आहे. आणि आम्ही तिथून थोड्याच अंतरावर, सामानाच्या ढिगाशेजारी, आईंना सतरंजीवर बसवून रस्त्याकडे बघत होतो.

सातच्या पुढे रिक्षा दिसायला लागल्या. यांनी म्हटलं, दोन-तीन रिक्षा करू, देवळात जाऊन येऊ. मीच नको म्हटलं. एवढं सामान कुठे वागवायचं, आणि तोवर आमच्या मागे अकोल्याची दोन कुटुंबं येऊन बसली होती, दीड तास धरून ठेवलेला नंबर सोडायला मन होईना. तेवढी चूक माझी. पण गाडी आमच्याजवळ असती तर हा प्रश्नच उभा राहिला नसता.

दहा वाजले तोवर दर्शन उरकून, नाश्ता करून, झोप झालेली टवटवीत माणसं रिक्षातून उतरायला लागली. दार उघडलं. आम्ही पहिले आत गेलो आणि दहा मिनिटांत सगळे सारखे झालो. एक मात्र बरं झालं, दिरांनी मुलांना घेऊन थेट आगगाडी गाठली आणि पहिल्याच फेरीत जागा मिळाली. पुढे दुपारी तिथली रांग बघवत नव्हती. लवकर गेल्याचा आम्हाला झालेला फायदा म्हणाल तर तेवढा एक.

मग ऊन चढलं. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. उन्हाच्या आत पोचवतो म्हणणाऱ्याने आम्हाला दहा ते चार, म्हणजे नेमकं तापलेल्या उन्हात, आत घातलं होतं. चप्पल काढून जायच्या जागी फरशीवर पाय टेकवत नव्हता. आई दुखऱ्या गुडघ्यामुळे भरभर चालू शकत नव्हत्या, एकेक पाऊल ठेवून उचलेपर्यंत तळवा भाजत होता. संध्याकाळी पाहिलं तर उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड. साडेबाराला धाकट्याचा घोळणा फुटला. पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचे थेंब पडत गेले, पोरगं घाबरून रडायला लागलं. जाऊबाईंनी डब्यातला कांदा फोडून नाकाशी धरला, डोक्यावर पाणी थापलं, मग थांबलं. त्यानंतर आम्ही काही पाहिलं नाही. एका झाडाखाली सतरंजी टाकली आणि चौदा जण तिथेच पडून राहिलो. देवळातला दुपारचा महाप्रसाद तर हुकलाच.

साडेतीनच्या पुढे वारा जरा सुटला. आई म्हणाल्या, "आता बरं वाटतंय, तळ्याकडे जाऊ." पोरं उठली. आणि चारला फोन वाजला. सकाळपासून बंद असलेला तोच नंबर. "ताई, निघा लवकर, गाडी गेटवर लागली आहे."

आम्ही बाहेर पडत होतो आणि समोरून माणसांचा लोंढा आत येत होता. बायका नटून, मुलं अंघोळ करून, म्हातारी माणसं रमतगमत. आनंद सागरची खरी वेळ संध्याकाळची, हे त्या लोकांना माहीत होतं. ऊन उतरल्यावर यायचं, तलावाकाठी बसायचं, दिवे लागलेले बघायचे. आमची पोरं मागे वळून वळून बघत होती.

देवळाशी दर्शनाला किती वेळ लागेल विचारलं तर बारी लांबवर गेलेली. थांबायची त्याची तयारीच नव्हती. "रात्र होईल ताई, पुढं रस्ता खराब आहे." मुखदर्शन तरी, म्हटलं, तर गाडी लावायला जागा नाही. आईंनी गाडीच्या खिडकीतून कळसाला हात जोडले. रात्री अडीचला निघून आलेल्या माणसाला कळसदर्शन. एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्यांचं ते न बोलणं अजून सलतं.

खामगाव सोडलं आणि आईंनी पदर झटकला. "अगं, हे काय?" त्यांच्या तळहातावर तांदळाचे पाच-सहा दाणे होते, पिवळे, एकदोन कुंकवाने लाल झालेले. सीटच्या फटीत हात घातला तर मूठभर निघाल्या. अक्षता! मागच्या सीटखाली झेंडूच्या पाकळ्या, चुरगळलेला एक फेटा. मी पुढच्या काचेकडे पाहिलं. कागद ओरबाडून काढल्याच्या खुणा होत्या, डिंकाला चिकटून राहिलेली लाल अक्षरं वाचता येत होती, 'शुभवि' एवढीच. पुढचा 'वाह' फाटून गेला होता.

त्या क्षणी सगळं जुळलं. अडीचला का निघालो, देवळात का नेलं नाही, सामान घाईघाईने का उतरवलं, फोन का बंद, चारला का हाकललं. आम्हाला उजाडायच्या आत सोडून सकाळचं वऱ्हाड गाठायचं होतं. देवळाच्या गल्लीत गाडी अडकली असती तर त्याचं दुसरं भाडं बुडालं असतं. गर्दीचं, उन्हाचं, पहिल्या नंबराचं सगळं बोलणं त्यासाठी होतं.

मी विचारलं. तो आरशात न बघता म्हणाला, "मग गाडी काय दिवसभर उभी ठेवू? डिझेल कोण देते?" मी म्हटलं, दिवसभराचं भाडं आम्ही दिलंय. तर तो म्हणाला, "ते जायचं-यायचं झालं. वेटिंगचे पाचशे वेगळे." वेटिंग! थांबलो आम्ही, बंद दारासमोर, आणि थांबण्याचे पैसे त्याला द्यायचे! देऊळगावराजात उतरल्यावर यांनी राहिलेले साडेतीन हजार मोजून दिले. पाचशे दिले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पैसे बुडवणारे झालो.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. गाडी ठरवताना भाडं विचारतो, एसी विचारतो, पण मधल्या वेळात गाडी कुठे उभी राहणार, हे कोणी विचारत नाही. ते विचारा, आणि ठरलेलं सगळं एका कागदावर लिहून घ्या, किती वाजता निघणार, कुठे कुठे नेणार, थांबण्याचे पैसे भाड्यात धरले की नाही. निघताना किलोमीटरच्या काट्याचा मोबाईलवर फोटो काढा, उतरताना एक, परत बसताना एक. मी आता दर वेळी काढते. गाडीवाला हसतो, हसू दे. लग्नाच्या तिथीला गाडी करत असाल तर दुप्पट सावध राहा, कॅलेंडर बघूनच दिवस ठरवा. सामान गाडीतून उतरवू नका. सामान गाडीत असलं की गाडी लांब जात नाही. आणि कोणी लवकर निघायचा आग्रह धरला तर लवकर पोचून नेमकं कुठे शिरायचं, हे त्याच्याकडून वदवून घ्या.

शेगावात पहाट देवळासाठी ठेवा. गुरुवार, रविवार, एकादशी टाळता आली तर टाळा. प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमीला तर म्हाताऱ्या माणसांना नेऊच नका. दर्शन, प्रसाद, मग दुपारी भक्त निवासात पाठ टेकायची आणि बागेचा विचार ऊन उतरल्यावर. आनंद सागर मध्ये बराच काळ बंद होतं, त्यामुळे सध्या काय उघडं आहे, किती वाजता, याची चौकशी करूनच मुलांना शब्द द्या. पाणी भरपूर घ्या, मुलांना टोप्या घाला, हे तर सगळेच सांगतात. मी कांदा घ्या असंही सांगेन.

पुढच्या वर्षी माघात आम्ही आईंना बसने घेऊन गेलो. प्रकटदिनाची गर्दी ओसरल्यावर, मधल्या वारी. रात्री मुक्काम केला. पहाटे बारीत लागलो आणि अर्ध्या तासात भुयारात होतो. एका सेवेकऱ्याने आईंना कठड्याशी नेऊन उभं केलं. "माउली, घ्या दर्शन सावकाश," एवढंच तो म्हणाला. आई डोळे मिटून उभ्या राहिल्या, हात कठड्यावर. मग आपणहून वळल्या.

तो गाडीवाला अजून त्याच चौकात उभा असतो. नवीन गाडी घेतली आहे, तीही सतरा सीटचीच. पाचशेचा निरोप कोणाकोणाबरोबर अजून येतो. मी दिलेले नाहीत आणि देणार नाही.