माणसांना मोकळी, मालाला बंद : भारत-नेपाळ सीमेचा अभ्यास

'सीमा' हा शब्द आमच्या भागात कानावर पडला की मनात एकच प्रश्न उभा राहतो, आणि मराठी विभागात लिहिणाऱ्याने त्यावरच लिहावे अशी अपेक्षाही असते. प्रस्तुत लेखात मात्र एका निराळ्या सीमेचा विचार करावयाचा आहे. दोन राष्ट्रांमधील सीमा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काटेरी तारा आणि बंदुका येतात. परंतु भारताला अशीही एक सीमा आहे, जी जमिनीवरून ओलांडताना भारतीयाला वा नेपाळ्याला पासपोर्ट लागत नाही आणि व्हिसाही लागत नाही. १,७५१ किलोमीटर लांबीची ही भारत-नेपाळ सीमा उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल व सिक्कीम या पाच राज्यांना लागून जाते. रक्सौलचा माणूस वीरगंजला बाजार करून संध्याकाळी घरी परततो. दोन्ही बाजूंच्या गावांत रोटी-बेटी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

ही रेषा मुळात युद्धातून जन्मली. ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यातील लढाईनंतर १८१६ साली सुगौलीचा तह अंमलात आला व पश्चिमेला महाकाली आणि पूर्वेला मेची या नद्या नेपाळच्या हद्दी ठरल्या. १८५७ च्या उठावात जंगबहादूर राणा यांनी इंग्रजांना मदत केली. त्या मदतीबद्दल पश्चिम तराईचा काही मुलूख १८६० मध्ये नेपाळला परत मिळाला. स्वातंत्र्यानंतर ३१ जुलै १९५० रोजी दोन्ही देशांनी शांतता व मैत्रीचा करार केला. त्याच्या सातव्या कलमानुसार एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि फिरण्याची मुभा परस्परांना मिळावयाची आहे. नेपाळतर्फे त्यावर सही करणाऱ्या मोहन शमशेर राणा यांची घराणेशाही पुढच्या सात-आठ महिन्यांतच कोसळली. करार मात्र टिकला. नेपाळमधील पुष्कळ लोकांच्या मनात या कराराबद्दल जी अढी आहे, तिचे एक मूळ इथे सापडते.

या मोकळेपणाचा पहिला परिणाम म्हणजे स्थलांतर. नोव्हेंबर १९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार दहापैकी सहा गुरखा रेजिमेंट भारताकडे आल्या आणि नेपाळी तरुण भारतीय सैन्यात भरती होत राहिले. पण सैन्यात जाणारे थोडेच. खरा ओघ आहे तो रखवालदार, स्वयंपाकी, हमाल, बागेतले मजूर यांचा. आपल्या गावांतून रात्री शिट्टी वाजवीत फिरणाऱ्या माणसाला आपण नाव न विचारताच 'गुरखा' म्हणतो. कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या आंबा बागांत आज राखणीपासून फवारणीपर्यंतची कामे नेपाळी मजुरांवाचून अडतात. हंगाम आला की ते येतात आणि पावसाच्या तोंडावर त्यांतले अनेक जण परततात.

या लोकांची नीट मोजदाद मात्र होत नाही. आखाती देशांत किंवा मलेशियात जाणाऱ्या नेपाळी कामगाराला सरकारी श्रमपरवाना घ्यावा लागतो, आणि परवानाधारकाच्या कुटुंबाला अपघात वा मृत्यू झाल्यास कल्याणनिधीतून मदत मिळते. भारतात येणाऱ्याला परवाना लागत नाही, म्हणून त्याची नोंद नाही आणि त्या निधीवर हक्कही नाही. म्हणजे सर्वांत गरीब मजूर, ज्याच्यापाशी मलेशियाच्या विमानभाड्याचे पैसे नाहीत, तोच संरक्षणाबाहेर राहतो. मोकळ्या सीमेचे गोडवे गाताना ही गोष्ट सहसा कुणी बोलत नाही.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती यापुढची बाब. सीमा माणसांना मोकळी आहे, मालाला नाही. माल ठराविक नाक्यांवरूनच, जकात भरून जातो. नेपाळ हा भूवेष्टित देश आहे. त्याला समुद्र नाही. त्याच्या मालाला कलकत्त्याच्या बंदरातून भारताच्या भूमीवरून यावे लागते, आणि दुसऱ्याच्या भूमीतून माल नेण्याच्या या हक्काला पारगमन म्हणतात. नेपाळी रुपयाचा दरदेखील १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांस एकशे साठ असा बांधलेला आहे. ज्याच्या हाती दाराची किल्ली, त्याच्याशी भांडण करणे किती अवघड असते हे नेपाळने दोनदा अनुभवले.

मार्च १९८९ मध्ये व्यापार व पारगमनाच्या करारांची मुदत संपली. त्याआधी नेपाळने चीनकडून शस्त्रे खरेदी केली होती आणि भारत नाराज होता. भारताने दोन नाके वगळता बाकीचे बंद केले. रॉकेलची टंचाई झाली आणि चुलीसाठी लोक जंगलात कुऱ्हाडी घेऊन गेले. वर्षभरातच, एप्रिल १९९० मध्ये, लोकचळवळीपुढे राजाची पंचायत पद्धती कोलमडली. तिची कारणे अंतर्गतच होती, तरी टंचाईने असंतोषात भर घातली असे म्हणणे वावगे ठरू नये. पुढे नव्या सरकारशी बोलणी होऊन जून १९९० मध्ये व्यवहार पूर्ववत झाला.

दुसरा प्रसंग २०१५ चा. एप्रिलमध्ये भूकंपाने देश खिळखिळा केला होता. २० सप्टेंबरला नवी राज्यघटना आली आणि तराईतील मधेशी समाजाने आपल्यावर अन्याय झाल्याचे सांगत नाके अडविले. रक्सौल-वीरगंज पुलावर मालमोटारींची रांग लागली. नेपाळ म्हणे ही भारताची अघोषित नाकेबंदी. भारत म्हणे हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, चालक पुढे जायला भितात. वाद कुणाचा खरा हे बाजूला ठेवले तरी काठमांडूच्या पेट्रोल पंपांवरील रांगा खऱ्या होत्या. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार केला. पण भूगोल करारावर सही करीत नाही. चीनचे तिआन्जिन बंदर तीन हजार किलोमीटरांहून दूर, मध्ये हिमालय; आणि कलकत्ता वीरगंजपासून सुमारे सातशे किलोमीटर. म्हणूनच २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज अशी ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली ती भारताकडूनच.

आता सुरक्षेकडे वळू. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेल्या भारतीय विमानाचे अपहरण झाले, तेव्हापासून मोकळ्या सीमेवर बोट ठेवले जाऊ लागले. वास्तविक ते अपहरणकर्ते विमानतळाच्या दारातून चढले होते! तथापि बनावट नोटा, सोन्याची व माणसांची चोरटी वाहतूक, पळालेले गुन्हेगार हे प्रश्न काल्पनिक नाहीत. २००१ पासून सशस्त्र सीमा बल या सीमेवर तैनात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमधील उठावात तुरुंग फुटले, तेव्हा पळालेल्या कैद्यांपैकी अनेक जण या जवानांनीच पकडले. तार नसूनही पहारा चालू शकतो असा याचा अर्थ मी घेतो. स्थानिक माणसे जवानाला ओळखतात आणि अनोळखी माणूस कुठला हेही तीच सांगतात. कुंपण घातले की ही माहिती आटते.

२०२० साली सीमेचे दोन्ही चेहरे एकदम दिसले. मार्चमध्ये साथीमुळे नाके बंद झाले आणि घरी निघालेले नेपाळी मजूर धारचुल्याला महाकालीच्या अलीकडे अडकून पडले. काहींनी नदीत उड्या घेतल्या. मे महिन्यात त्याच डोंगराळ भागातील लिपुलेख, कालापानी, लिंपियाधुरा यांच्यावरून नकाशांचा वाद पेटला आणि नेपाळने ती ठिकाणे आपल्या नव्या नकाशात दाखविली. सुगौलीच्या तहाने काली नदी ही हद्द ठरविली, पण तिचा उगम कोणता यावर दोघांचे एकमत नाही.

१९५० च्या कराराचा फेरविचार करण्यासाठी दोन्ही देशांनी २०१६ मध्ये मान्यवरांचा एक गट नेमला. २०१८ साली अहवाल तयार झाला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तो स्वीकारलाच गेला नाही. सीमेवर ओळखपत्र तपासावे, ही सूचना अधूनमधून पुढे येते. मला ती तत्त्वतः मान्य आहे, कारण नोंद झाली तर मजुराचा हक्कही सांगता येईल. मात्र नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडच्या डोंगरातून जो माणूस दोन दिवस चालून बनबसाच्या नाक्यावर येतो, त्याला ते ओळखपत्र आधी गावात मिळाले पाहिजे. नाक्यावर ते न दाखविता आल्याने तो परत फिरला, तर रत्नागिरीच्या बागेत त्या वर्षी त्याची जागा रिकामी राहील, आणि त्याच्या घरी मनिऑर्डर जाणार नाही.