कृतिशील शिक्षणाचे मूल्यमापन : विद्यार्थ्यांची पसंती आणि तिचा अर्थ

हाताने काम करीत शिकण्याचा विचार भारताला नवा नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून 'नई तालीम' पुढे आली, तर कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. कृषी पदवी अभ्यासक्रमातील 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' हा त्याच विचाराचा विस्तार होय. २०१५ मध्ये 'स्टुडंट रेडी' कार्यक्रमाने त्याला देशव्यापी चौकट दिली. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयासारख्या (स्थापना १९८७) संस्थांतील विद्यार्थी त्यासाठी खेड्यात जाऊन शेतकऱ्यांसोबत काम करतात. मात्र धानाच्या बांधावर मिळालेले ज्ञान गुणपत्रिकेत कसे उतरवावे, हा प्रश्न उरतोच.

प्रमुख पर्याय तीन आहेत :

(१) अंतिम अहवाल व तोंडी परीक्षा : मापदंड सर्वांना समान, परंतु प्रत्यक्ष कामापेक्षा लेखनकौशल्य व वक्तृत्व यांना अधिक गुण मिळण्याचा धोका असतो.

(२) सातत्यपूर्ण मूल्यमापन : दैनंदिनी व मार्गदर्शकाच्या भेटींमुळे चुका वेळीच सुधारतात, मात्र पक्षपाताची शंका राहते.

(३) गटकार्य : सहकार्य वाढते, पण सर्वांना सारखेच गुण दिल्यास कष्ट एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे, अशी स्थिती उद्भवते.

विद्यार्थी यांपैकी एखादा पर्याय पसंत करतो, तेव्हा तो केवळ सोपा मार्ग शोधतो असे मानणे योग्य नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा माहितीच्या विषमतेचा प्रश्न आहे. काम विद्यार्थ्याने केलेले असते. परीक्षकापुढे असतो तो फक्त अहवाल. गुण केवळ यशस्वी प्रात्यक्षिकालाच मिळणार असतील, तर कीड लागून फसलेल्या प्रयोगाची खरी नोंद करणारा विद्यार्थी मागे पडतो आणि आकडे सजविण्याचे प्रलोभन वाढते. गुणांबरोबरच येथे शास्त्रीय प्रामाणिकपणाही पणाला लागतो.

वैद्यकीय शिक्षणातील अनुभव मार्गदर्शक आहे. १९७५ मध्ये रोनाल्ड हार्डेन व सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथे विकसित केलेल्या पद्धतीत सर्व विद्यार्थी ठरावीक टप्प्यांवर समान कृती करतात आणि परीक्षक पूर्वनिश्चित निकषसूचीनुसार गुण देतात. निरीक्षणातही वस्तुनिष्ठता आणता येते, हे त्यातून दिसले.

सारांश, निकष आरंभीच जाहीर करणे, वैयक्तिक व गटाचे गुण वेगळे ठेवणे, आणि उत्पादनाइतकेच महत्त्व निर्णयामागील कारणांना व अपयशाच्या खऱ्या नोंदीला देणे, या तीन बाबी आवश्यक ठरतात. श्रेयांक प्रामुख्याने कामाचे तास मोजतात. शिक्षणाची गुणवत्ता मात्र मूल्यमापनाच्या पद्धतीवर अवलंबून असते.