हवा किती धरायची, कधी सोडायची

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग आमच्या जाम चौरस्त्यावर चंद्रपूरकडे फाटा देतो. अपघात झालेल्या गाड्यांचा विमा-सर्व्हे हा माझा पोटापाण्याचा धंदा. समुद्रपूर तालुक्यापासून हिंगणघाटपर्यंतच्या यार्डांत चेपलेल्या गाड्या बघत माझे दिवस जातात. त्या गाड्यांत माझं लक्ष सगळ्यात जास्त खेचून घेतलं ते स्टेअरिंगमधून बाहेर लोंबणाऱ्या रिकाम्या कापडी उशीनं. तिच्याकडे बघता बघता जे उमगत गेलं, ते इथे मांडतोय.

१. एअरबॅग माणसाला वाचवते ती रिकामी होऊन. बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टम्म फुगलेला फुगा असतो. पण यार्डातली बॅग हातात घेऊन उलटी करा, पाठच्या बाजूला दोन गोल भोकं दिसतील, कापडाचा जादा थर लावून काठ पक्के शिवलेले. धडक झाल्यापासून साधारण तीस मिलिसेकंदांत बॅग भरते. पापणी लवायला याच्या तिपटीहून जास्त वेळ लागतो. आणि चेहरा तिच्यावर टेकतो तोवर तिनं त्या भोकांतून गॅस सोडायला सुरुवात केलेली असते. क्रिकेटमध्ये झेल घेणारा चेंडू हातात येताच हात मागे नेतो, तेच हे. ताठ हातांवर चेंडू उसळतो आणि टणक बॅगेवर मान उसळते. किती हवा धरायची आणि कुठल्या क्षणी सोडायची, याच एका हिशेबावर इंजिनिअर मंडळी वर्षानुवर्षं डोकं खपवत आली आहेत. होंडानं २००८ साली जपानमध्ये आणलेल्या बॅगेवर चक्राकार शिवण होती. ती शिवण उलगडत जाई तशी बॅग बेताबेतानं मोठी होई, आणि गॅस बाहेर सोडणारी झडप आतल्या दाबाप्रमाणे उघडे. सुधारणा म्हणजे काहीतरी वाढवणं असं आपल्याला वाटतं. या उशीची बहुतेक सुधारणा आवरतं घेण्याची आहे.

२. कपाशीच्या मुलखातल्या माणसाचा हात आधी कापडाकडे जातो. हिंगणघाटच्या बाजारात कापूस न्यायचा तर रुईची चिमूट दोन बोटांत ओढून धागा किती लांब निघतो ते बघायचं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. तीच बोटं मी बॅगेवर फिरवतो. हे कापड सुती नाही, नायलॉन ६,६ चं आहे. ते वितळायला २६० अंशांच्या आसपास उष्णता लागते, त्यामुळे तापलेला गॅस अंगावर घेऊनही ते टिकतं. सुरुवातीच्या बॅगांचं कापड ८४० डेनियरचं, जाडंभरडं, वर निओप्रीन रबराचा लेप. वजनाला जड, घडी मोठी, आणि गालावर घासलं की सालटं काढणारं. पुढे धागा बारीक होत निम्म्यावर आला, निओप्रीन जाऊन सिलिकॉनचा पातळ थर आला, आणि बऱ्याच बॅगांत तर लेपच उरला नाही. वीणच इतकी घट्ट झाली की वेगळ्या लेपाची गरज राहिली नाही.

एकदा एका निकामी बॅगेची शिवण उसवून आतून बघितली. समोरच्या आणि पाठच्या कापडाला जोडणाऱ्या पट्ट्या होत्या. त्या नसत्या तर बॅग सरळ पुढे झेपावून तोंडावर आदळली असती. पट्टी ताणली गेली की बॅग पुढे जायची थांबते आणि आडवी पसरते. घडी घालायचीही पद्धत ठरलेली असते, कारण ती जशी उलगडेल तशी बॅग दिशा घेते. स्टेअरिंगच्या झाकणाला आतून एक खाच असते, तिथलं प्लास्टिक मुद्दाम पातळ ठेवतात, म्हणजे ते तिथंच फाटावं. जी जागा फाटलीच पाहिजे ती, आणि जी शिवण कधीच फाटू नये ती, अशा दोन्ही चार बोटांच्या अंतरावर नांदतात. या कारागिरीपुढे मी मनापासून हात जोडतो.

३. ताकदवान बॅग माणूस मारू शकते. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या बॅगा बेल्ट न लावलेल्या सरासरी बांध्याच्या पुरुषालाही अडवता यावं अशा बेतानं बनवल्या होत्या. त्यासाठी गॅसचा रेटा जबर ठेवला गेला. तो स्टेअरिंगला खेटून बसणाऱ्या ठेंगण्या बाईला आणि पुढच्या सीटवरच्या लेकराला झेपला नाही. १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत निव्वळ पुढच्या बॅगेच्या तडाख्यानं तिथे २९० हून जास्त माणसं दगावली. त्यांतली जवळपास नव्वद टक्के १९९८ पूर्वी बनलेल्या गाड्यांतली होती. १९९७ मध्ये तिथल्या सरकारनं चाचणीचा नियम बदलला आणि १९९८ च्या गाड्यांपासून बॅगा मवाळ झाल्या. मग दोन टप्प्यांत पेटणारं गॅसयंत्र आलं. धडक हलकी असेल तर कमी रेटा, जोराची असेल तर पुरा. सीटवर कोण बसलंय हे वजनावरून ओळखणारी यंत्रणाही आली. त्याच देशात २०१७ पर्यंत पुढच्या बॅगांनी ५०,००० हून जास्त जीव वाचवले, असा सरकारी अंदाज आहे. मारणारी आणि तारणारी उशी एकच होती. मधे फक्त रेट्याचा फरक होता.

तेव्हापासून गाडी चालवणारी कुणी बुटकी बाई दिसली की माझी नजर तिच्या सीटकडे जाते. छातीचं हाड आणि स्टेअरिंगचा मध्य यांत निदान पंचवीस सेंटिमीटर अंतर असावं. वर्ध्याच्या एका शिक्षिकेला म्हटलं, “ताई, सीट जरा मागे घ्या.” त्या म्हणाल्या, “मग क्लच पोचत नाही ना भाऊ!” बरोबर होतं त्यांचं. गाड्या कुणाच्या मापानं बेतल्या जातात हे त्या एका वाक्यात आलं. शेवटी पाठ थोडी मागे कलवून, सीट वर घेऊन आणि स्टेअरिंग तोंडाऐवजी छातीकडे वळवून आम्ही तेवढी जागा काढली.

४. बेल्टाविना बॅग अर्धीच. किंबहुना अर्ध्याहूनही कमी. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या गाडीत गेले, ती चांगली महागडी, बॅगांनी भरलेली गाडी होती. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, ते दोघेही गेले. त्या बातमीनंतर आमच्याकडे लोक महिनाभर मागचा बेल्ट शोधत होते. पुष्कळ गाड्यांत तो सीटकव्हरखाली गाडलेला निघाला. बॅगेचा सगळा हिशेब माणूस आपल्या जागी बसलेला आहे असं धरून केलेला असतो. बेल्ट नसेल तर ब्रेक लागताच माणूस पुढे सरकतो आणि बॅग उघडते त्या क्षणी तिच्या तोंडाशी पोचलेला असतो. अलार्म वाजू नये म्हणून बेल्टाच्या खाचेत अडकवायच्या क्लिपा बाजारात मिळतात. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना त्या काढून टाकायला लावलं. यार्डात त्या अजून सापडतात.

५. पडद्याचं काम मात्र उलटं. दाराच्या वरच्या कडेतून खाली उलगडणारी ही लांबट बॅग व्होल्वोनं १९९८ मध्ये आणली. पुढच्या बॅगेनं लगेच हवा सोडायची, तर हिनं काही सेकंद धरून ठेवायची, कारण गाडी उलटली की एका कोलांटीत भागत नाही. म्हणून तिचं कापड पुष्कळदा एकसंध विणतात, नळ्या आणि कप्पे विणीतच ठेवून, म्हणजे हवा निसटायला शिवणच उरत नाही. एका गाडीत हवा सोडणारी आणि हवा धरणारी अशी दोन्ही कापडं आहेत, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता.

६. उन्हाचा विचार बॅगेनंही करावा लागतो. आधी गॅससाठी सोडियम ॲझाइड वापरत. ते विषारी, म्हणून मागे पडलं. टकाटा या जपानी कंपनीनं अमोनियम नायट्रेट घेतलं. वर्षानुवर्षांची उष्णता आणि दमटपणा यांनी ते बिघडे, मग नको तेवढ्या वेगानं पेटे आणि धातूची डबी फुटून तुकडे माणसात घुसत. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या परत बोलवाव्या लागल्या. २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. आपल्याकडेही गाड्या परत बोलावल्या गेल्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि बंद गाडीतलं स्टेअरिंग हात लावू देत नाही. म्हणून जुनी गाडी विकत घेणाऱ्याला मी आधी विचारतो, कंपनीचं परत बोलावल्याचं पत्र आलं होतं का, आणि आलं असेल तर काम करून घेतलं का.

७. घरची माणसं प्रेमानं जे करतात त्यानं बॅग अडते. नवी गाडी आली की पहिलं जाड सीटकव्हर. सीटच्या कडेतून उघडणारी बाजूची बॅग त्याखाली कोंडली जाते. मग पुढे लोखंडी गार्ड. त्यावर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, कारण धडकेचा जोर सेन्सरपर्यंत जसा पोचायला हवा तसा पोचत नाही. मग डॅशबोर्डवर गणपती. देवाला मी काही म्हणत नाही, पण मूर्ती चिकटवतात ती बरोबर बॅगेच्या झाकणावर, आणि बॅग उघडते ताशी शेकडो किलोमीटरच्या वेगानं. गिरडच्या दर्ग्याला निघालेलं एक कुटुंब चहाला थांबलं होतं. नात आजोबांच्या मांडीवर, पुढच्या सीटवर. मी समजावू लागलो तर आजोबा म्हणाले, “मी घट्ट धरतो ना तिला.” त्यांच्या मायेवर शंका नव्हती. पण त्या मांडीवर बॅग आणि म्हातारा यांच्या मधोमध लेकरू होतं. सुनेनं मुलीला मागे घेतलं आणि आजोबाही मागे गेले.

८. किल्ली फिरवल्यावर डॅशवर बॅगेचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर गाडी घेऊ नका. अपघातानंतर नवी बॅग महाग पडते, म्हणून कुणी नुसतं झाकण चिकटवतं आणि दिवा गप्प बसावा म्हणून तारेत छोटा रेझिस्टर घालतं. अशी स्टेअरिंगं मी उघडून पाहिली आहेत. आत पोकळी असते.

९. उभ्या ट्रकच्या मागे घुसलेल्या गाडीपुढे सगळी कारागिरी हतबल होते. आमच्या रस्त्यावरचा हा नेहमीचा प्रकार. ढाब्याजवळ ट्रक अर्धा रस्त्यावर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. कार त्याच्या पाठीखाली शिरते, बंपर आणि बॉनेट खालून निघून जातं आणि ट्रकची कड थेट काचेवर येते. पुढच्या सेन्सरला धडक हवी तशी जाणवत नाही. बॅग उशिरा उघडते, कधी उघडतच नाही, आणि उघडली तरी वरून येणाऱ्या लोखंडाला ती काय करणार? ट्रकच्या मागे खाली आडवा दांडा असायला हवा, त्याचा नियमही आहे. पण मी पाहिलेले कितीतरी दांडे गंजलेले, वाकून वर गेलेले, किंवा चालकाला खाचखळग्यांत अडतात म्हणून कापलेले. कारमधल्या उशीची अर्धी सुरक्षा त्या पुढच्या ट्रकच्या पाठीवर असते. सर्व्हेत मी आता त्या दांड्याचाही फोटो काढतो, रकाना नसला तरी.

१०. आणि ज्यांना उशीच नाही ते सगळ्यात जास्त. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. कारमध्ये चालकासाठीची बॅग २०१९ मध्ये सक्तीची झाली, शेजारच्यासाठीची २०२१ मध्ये. दोन्ही चांगले निर्णय, त्याआधीच्या गाड्यांतली कोरी डॅशबोर्डं मी पुष्कळ पाहिली आहेत. होंडाच्या गोल्ड विंग या जंगी मोटरसायकलवर २००६ पासून बॅग मिळते, अंगात घालायची फुगणारी जाकिटंही निघाली आहेत. पण समुद्रपूरच्या बाजाराला बायको-पोराला मागे घेऊन निघालेल्या शेतकऱ्यापर्यंत यातलं काही आलेलं नाही. त्याच्या बजेटात बसेल, धुळीत-घामात टिकेल आणि मे महिन्यात अंगावर सहन होईल असं जाकीट कुणी बनवलं, तर त्याची पहिली चाचणी आमच्या चौरस्त्यावर घ्यावी. हेल्मेट मात्र आजही मिळतं, आणि आमच्या इथे ते अजून बहुतेक वेळा आरशालाच अडकवलेलं असतं.