एकच थर मागे

प्लॅस्टिकच्या स्केल मॉडेलची वाट बहुतेक वेळा पहिल्या चुकीने लागत नाही, ती चूक सुधारायला गेलेल्या हाताने लागते. रणगाड्याच्या कुशीवर वॉशचा, म्हणजे खाचांत उतरवायच्या पातळ रंगाचा, एक गडद डाग पडतो. थिनरच्या बोळ्याने तो घाईघाईत पुसला जातो, डागासोबत खालचा हिरवाही निघतो आणि राखाडी प्लॅस्टिक उघडं पडतं. मग त्या जागी ब्रशने हिरवा लावायचा. तो वाळल्यावर आजूबाजूच्या हिरव्याशी जुळत नाही, म्हणून सगळ्या बाजूवर पुन्हा एक हात मारायचा. तोवर रिव्हेट बुजलेले असतात, पॅनेलच्या रेषा भरलेल्या असतात, आणि हे सगळं झाकायला शेवटी चिखल थापला जातो. या सगळ्यात मूळचा डाग सर्वांत क्षुल्लक होता. माझं म्हणणं एवढंच आहे की दुरुस्ती करताना ज्या थरात चूक झाली तेवढाच थर काढावा आणि त्याच्या खालच्या थरापाशी थांबावं. ते जमायचं तर हात लावण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात: कुठला थर कशात विरघळतो, आणि तो पुरता पक्का झाला आहे की नाही.

छंदाचे रंग ढोबळमानाने तीन घराण्यांतले. हम्ब्रॉलच्या छोट्या डब्यांतला एनॅमल, तामिया किंवा वायेहोच्या बाटल्यांतला ॲक्रिलिक, आणि मिस्टर कलरसारखा लॅकर. तिघांची वाळण्याची रीत वेगळी, आणि निम्मे घोटाळे या फरकाकडे दुर्लक्ष केल्याने होतात. लॅकरमधला द्रावक उडून गेला की तो वाळला. पण त्याच्याच थिनरचा थेंब पडला की तो पुन्हा मऊ होतो, मग मधे कितीही काळ गेलेला असो. एनॅमलचं उलट. त्यातला द्रावक उडाल्यावर उरलेला रंग हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू कडक होतो आणि हे काम वरून आत चालतं. दुधावर साय धरावी तशी वरची बाजू दुसऱ्या दिवशी कोरडी लागते, खाली मात्र रंग ओलाच असतो. पुरतं पक्कं व्हायला आठवडा, जाड थराला त्याहून जास्त. याची सोपी परीक्षा नाकाने होते: मॉडेल नाकाशी धरल्यावर रंगाचा वास येत असेल तर तो अजून तयार नाही, बोटाला काहीही वाटो. ॲक्रिलिकमध्ये पुन्हा दोन जाती. तामियाचा ॲक्रिलिक अल्कोहोलवर चालतो आणि वाळल्यानंतरही आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सहज सुटतो. वायेहोसारखा पाण्यावरचा रंग एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. अल्कोहोलने तो विरघळण्याऐवजी रबरासारखा होऊन सालीसारखा निघतो.

एवढं कळलं की दुरुस्तीची निम्मी सोय रंगवतानाच करून ठेवता येते. खाली लॅकर किंवा ॲक्रिलिक, त्यावर ग्लॉस वार्निशचा पातळ थर, आणि त्यावर एनॅमलचा किंवा ऑइल कलरचा वॉश, हा क्रम जगभर रूढ झाला तो केवळ दिसण्यासाठी नाही. व्हाइट स्पिरिट एनॅमल आणि ऑइल कलर उचलतं, पण पक्क्या झालेल्या लॅकरला किंवा ॲक्रिलिकला ढिम्म हलवत नाही. त्यामुळे वॉश बिघडला तर तेवढाच पुसून वार्निशपाशी परत येता येतं. एनॅमलच्या रंगावर थेट एनॅमलचा वॉश दिला की ही सोय संपते, कारण वरचा काढणारा द्रावक खालच्यालाही ओळखतो. एनॅमल वापरूच नये असं मी म्हणत नाही. वापरावा, पण मधे ॲक्रिलिक वार्निशची भिंत घालावी आणि त्याआधी वास जाईपर्यंत वाट पाहावी. नवशिक्यांना मी वॉशसाठी ऑइल कलरच सुचवेन. 1931 पासून मुंबईत घर केलेल्या कॅमलिनची कॅमल ऑइल कलरची ट्यूबसुद्धा चालते. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवला की जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि वॉश मॅट वाळतो. ऑइल कलर सावकाश वाळतो याला लोक दोष म्हणतात. दुरुस्तीच्या दृष्टीने तोच त्याचा सर्वांत मोठा गुण, कारण दुसऱ्या दिवशीही ओलसर ब्रशने डाग मागे घेता येतो.

थिनरच्या बाबतीत मात्र आपल्याकडची एक सवय मोडायला हवी. परदेशी बाटली महाग, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर आणायचा. त्यातले टोल्युइन आणि त्याचे सोबती पॉलिस्टायरीन थेट विरघळवतात. ब्रश धुवायला तो ठीक, मॉडेलवर नाही. ॲसिटोनचं आणि ते असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचंही तेच. सौम्य समजल्या जाणाऱ्या एनॅमल थिनरचाही एक छुपा धोका आहे. ताण असलेल्या उघड्या प्लॅस्टिकवर, म्हणजे जोराने दाबून बसवलेल्या सांध्यात, तो झिरपला तर प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं. गंडमसारख्या रोबोच्या किटमधल्या एबीएस प्लॅस्टिकच्या सांध्यांना हा त्रास जास्त. म्हणून वॉश ओतायचा नसतो. ब्रशचं टोक रेषेला टेकवायचं आणि तिला हवा तेवढा घेऊ द्यायचा. कुठलाही थिनर असो, खिडकी उघडी आणि ज्योत लांब. लॅकर फवारताना सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क हवा, कापडी मास्कचा उपयोग नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सडेतोड मंडळींचा: इतकी थरांची भानगड कशाला, सगळा रंग उतरवून पहिल्यापासून सुरू करा. कधीकधी हेच बरोबर असतं. रंग इतका जाड झाला असेल की खालचे बारकावे हरवलेत, किंवा प्रायमरच धरलेला नाही आणि मास्किंग टेपबरोबर सालपटं निघताहेत, तर डागडुजीत अर्थ नाही. (टेपबरोबर रंग निघतो तेव्हा खापर टेपवर फुटतं, दोष बहुधा साच्याच्या तेलाचा असतो, भाग भांड्यांच्या साबणाने धुतलेले नसतात.) ॲक्रिलिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. डेटॉलही बऱ्याच रंगांवर काम करतं, पण त्यात एक मेख आहे: भाग बाहेर काढल्यावर लगेच पाण्याखाली धरला तर सुटलेला रंग डांबरासारखा चिकट होतो आणि खाचांत बसतो. आधी डेटॉलमध्येच जुन्या टूथब्रशने घासून रंग काढायचा, मग साबण, मग पाणी. ब्रेक ऑइलची शिफारस मी करणार नाही. ते विषारी आहे आणि तेच काम करणारी सुरक्षित द्रव्यं घरात असताना त्याच्या वाटेला जाण्याचं कारण नाही. पक्का लॅकर उतरवणं सर्वांत अवघड, कारण त्याला चटकन विरघळवणारं द्रव्य प्लॅस्टिकलाही सोडत नाही. शिवाय सगळं उतरवण्याची किंमत मोठी असते. डेकल (चिकटवलेली चिन्हं) गेले, बारीक हँडल आणि अँटेना घासताना मोडले, काचेचे भाग धुरकटले. एका पंखावरच्या ओघळासाठी एवढं मोजायचं नसतं.

ओघळाचंच घ्या. ओला असताना त्याला बोट लावायचं नाही, ब्रशही नाही. पुरता कडक झाल्यावर हजार नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून सपाट करायचा, मग दोन हजारचा, आणि वरून पातळ फवारा. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पृष्ठभाग, रंगात अडकलेला केस, बोटाचा ठसा, सगळ्यांना हाच उपाय. डेकलखाली चंदेरी झाक दिसते ती हवा असते, खडबडीत मॅट पृष्ठभागावर डेकल बसवल्याने अडकलेली. सुईने बारीक टोचून मायक्रो सॉलसारखं डेकल मऊ करणारं द्रव्य लावलं की बहुतेक वेळा डेकल खाली बसतो. डेकलच काढायची घाई नको.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर आणखी एक संकट असतं. मॅट वार्निशचा फवारा मारल्यावर काही मिनिटांत मॉडेलवर पांढरं धुकं उतरतं. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी तिथे धरतं आणि थरात अडकतं. हे पाहून घाबरलेला माणूस त्यावर आणखी मॅट मारतो, आणि आणखी पाणी अडकवतो. करायचं ते इतकंच: मॉडेल डब्यात ठेवून कोरड्या दिवसाची वाट पाहायची, मग त्याच घराण्याचा सावकाश उडणारा थिनर अगदी हलका फवारायचा. थर पुन्हा सैल पडतो, अडकलेलं पाणी निघून जातं. वार्निश ॲक्रिलिक असेल किंवा शंका असेल तर ग्लॉसचा एक थर देऊन पाहा. पांढरेपणा बाटली नीट न हलवल्यामुळे साचलेल्या मॅटिंगच्या भुकटीचा असेल, तरीही तो त्याने बराचसा मावळतो. मावळलं की मग मॅट.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे आणि जास्त घातकही: खरी वाहनं घाण असतातच, तेव्हा बिघडलं तिथे गंज लावा, चिखल लावा, कोणाला कळतंय! यात थोडं तथ्य आहे. फेब्रुवारी 1943 पासून जर्मन रणगाडे कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात निघत आणि हिरव्या व तपकिरी रंगाची पेस्ट तुकडीकडे दिली जाई. सैनिक ती पेट्रोलमध्ये, नाहीतर पाण्यात कालवून फासत. असल्या रंगाचे पट्टे असमान असणार, धुपणार. प्रायमरशिवाय थेट धातूवर रंगवलेल्या अनेक जपानी विमानांचे पोपडे पॅसिफिकमध्ये अक्षरशः सोलून निघालेले फोटोंत दिसतात. पण झीज कुठेही, कशीही होत नसते. टायगर-1 रणगाड्यांचं उत्पादन 1942 ते 1944 या काळातलं, युद्ध संपलं 1945 मध्ये. म्हणजे सर्वांत जुना टायगरही तीन वर्षांचा नव्हता. त्याच्या जाड पोलादी कवचाला भोकं पाडणारा गंज हा रंगवणाऱ्याच्या डोक्यातला. गंज दिसायचा तो एक्झॉस्टवर, कारण तिथली उष्णता रंग जाळते. साखळीचा गंज तपकिरी, आणि जमिनीला घासणारी बाजू चकचकीत. विमानाचं ॲल्युमिनियम तांबूस गंजत नाही, तर मॉस्किटोच्या पंखांवर चंदेरी ओरखडेही चालत नाहीत, कारण ते विमान लाकडी होतं. भारतीय हवाई दलाने ब्रह्मदेशात उडवलेल्या हरिकेनचा मागचा भाग कापडाने मढवलेला असे, तिथेही चंदेरी ओरखडा शोभत नाही. शिवाय मापाचा प्रश्न आहे. 1/35 प्रमाणात एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा. 1/72 च्या विमानावर तोच सात सेंटिमीटरहून मोठा. झाकण्यासाठी लावलेली घाण याच दोन कसोट्यांवर पकडली जाते, जागा आणि आकार.

कोणी म्हणेल की वेदरिंग, म्हणजे झीज आणि घाण रंगवणं, ही शेवटी शैली आहे. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेनने वॉश आणि ड्रायब्रशचा ठसठशीत वापर रूढ केला तेव्हा तो कुठे फोटोसारखा होता? मान्य. शैली म्हणून ठरवून वाढवलेली झीज मला चालते. मात्र ती संपूर्ण मॉडेलवर एकाच नियमाने चालते, आणि झाकपाक नेमकी एका कोपऱ्यात गर्दी करते. संग्रहालयातल्या गाड्यांचा दाखलाही इथे जपून द्यावा. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन आणि पॅटन जवळून पाहता येतात. आकार, वेल्डिंग, बोल्ट समजायला त्याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही. पण प्रदर्शनातले रणगाडे वेळोवेळी रंगवले जातात. झीज शिकायची तर त्या काळचे फोटो पाहावेत.

जास्त झालेलं वेदरिंग मागे घेतानाही थरांचाच हिशेब लागू पडतो. पिगमेंटची पूड आधी कोरड्या ब्रशने झटकायची, उरली तर व्हाइट स्पिरिटने. ओघळांच्या रेषा त्याच स्पिरिटने ओलावून टिपून घेतलेल्या सपाट ब्रशने वरून खाली ओढत पुसट करायच्या. आडवं पुसलं की डाग पसरतो. ॲक्रिलिकने रंगवलेले चिप्स, म्हणजे रंग उडाल्याचे ठिपके, विरघळवायला जाऊ नका, कारण खालचाही ॲक्रिलिकच असतो. मूळ रंग बारीक ब्रशने चिपच्या कडेने आत भरत आणून तो लहान करायचा. हा भरलेला रंग किंचित वेगळा दिसला तरी बिघडत नाही, उन्हाने विटलेल्या पृष्ठभागावर तो खपून जातो. एकूणच सगळं भडक झालं असेल तर मूळ रंगाचा अत्यंत पातळ फवारा अख्ख्या मॉडेलवर दिला की रंगांतला विरोध मावळतो. मात्र या फवाऱ्याने जे झाकलं ते पुन्हा उघडता येत नाही, म्हणून तो सगळ्यात शेवटी.

राहता राहिला वाट पाहण्याचा कंटाळा. हा छंद आहे, प्रयोगशाळा नव्हे, असं म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. पण ज्याला आज रात्रीच हात चालवायचा आहे त्याने दुसरं किट उघडावं, आणि बिघडलेल्यावरचा प्रयोग आधी त्याच रंगाने, त्याच क्रमाने रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर करून पाहावा. चमच्यावर खालचा रंग बोळ्याला लागला तर मॉडेलवरही लागेल. आणि डाग हातभर अंतरावरून दिसतच नसेल, मडगार्डखाली किंवा चाकामागे जाणार असेल, तर तिथे थिनर नेऊच नये.