भूल उतरताना ठसका का लागू द्यायचा नाही?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीचे टॉन्सिल काढायचे आहेत. भूलतज्ज्ञ डॉक्टर म्हणाले, "तिला ठसका न लागता जागं करणं हे माझं मोठं काम." साध्या ठसक्याला एवढं का घाबरतात? आणि झोपलेल्या मुलाचा ठसका थांबवतात तरी कसा?
– एक आई, कराड

उत्तर : डॉक्टरांनी तुम्हाला नेमकी गोष्ट सांगितली. मी स्वतः हेच काम करते. या ऑपरेशनात माझा जीव टांगणीला लागतो तो शेवटच्या दहा मिनिटांत.

टॉन्सिल काढल्यावर घशात दोन्ही बाजूंना उघड्या जखमा राहतात. जोराचा ठसका लागला की मानेतल्या शिरा फुगतात आणि नुकतंच थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. शिवाय श्वासासाठी घातलेली नळी स्वरयंत्रातून गेलेली असते. भूल हलकी होऊ लागली की मूल जागं व्हायच्या आधी तिथल्या नसा जाग्या होतात आणि नळी खुपायला लागते. ईथरच्या काळात आर्थर गुडेल या अमेरिकन डॉक्टरांनी भुलीचे चार टप्पे मांडले, त्यातला हा दुसरा. धड झोप नाही, धड जाग नाही. अशा वेळी नळी काढली आणि रक्ताचा एक थेंब जरी स्वरतंतूंवर पडला, तरी ते घट्ट मिटतात आणि श्वासच अडतो. आमची खरी भीती ही.

उपाय तुमच्या ओळखीचा आहे. दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला जे लिग्नोकेन टोचतात, तेच आम्ही शिरेतून देतो, किलोमागे एक ते दीड मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलीला वीस ते तीस मिलिग्रॅम, म्हणजे अगदी थोडं. त्याचा असर काही मिनिटांचाच, म्हणून ते नळी काढण्याच्या जरासं आधी द्यायचं. फार लवकर दिलं तर फुकट जातं. कधी प्रोपोफॉलचा छोटा डोस, कधी डेक्समेडेटोमिडीन. ही औषधं ठसका दाबतात, पण जाग थोडी लांबवतात. कोणतं द्यायचं हे मूल बघून ठरतं.

औषधाइतकंच हाताचं काम असतं. लाइट लावून पडजिभेच्या मागे बघायचं, तिथे रक्ताची गुठळी लपून बसते. ती हळूच ओढून घ्यायची. मग मुलीला कुशीवर वळवायचं, डोकं किंचित खाली, म्हणजे उरलंसुरलं रक्त गालाकडून बाहेर येतं. त्यानंतर कुणी हात लावायचा नाही, हाका मारायच्या नाहीत, गालावर थोपटायचं नाही. ती आपणहून डोळे उघडेपर्यंत सगळे थांबतात. काही डॉक्टर उलट गाढ झोपेतच नळी काढतात. तीही चांगली पद्धत आहे, मात्र पुढे शेजारी जाणती सिस्टर डोळ्यात तेल घालून बसलेली हवी.

आता तुमच्या हातातलं. गेल्या दोन आठवड्यांत सर्दी-खोकला झाला असेल, घरात कुणी सिगारेट ओढत असेल, मुलीला दम लागत असेल, तर भुलीआधी सांगा. मला ठाऊक आहे, तारीख मिळवायला किती हेलपाटे घातलेले असतात, रजा टाकलेल्या असतात, गावाहून आजी आलेली असते. म्हणून पालक वाहतं नाक पुसून मुलाला आत पाठवतात. कृपा करून असं करू नका. सर्दीने सुजलेला घसा जरा कशानेही चिडतो. तारीख पुढे गेली तर जाऊ द्या.

ऑपरेशननंतर ती रडेल, एखादी काळपट उलटीही होईल. गिळलेलं रक्त असतं ते. पूर्ण जागी झाल्यावर आलेला हलका ठसका आम्हाला हवाच असतो, घसा राखायला तो परत आलेला असतो. मात्र तोंडातून लालभडक रक्त आलं, किंवा झोपेत ती सारखी घोट गिळताना दिसली, तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच सिस्टरना उठवा. घरी गेल्यावरही पुढचे दहा-बारा दिवस असं दिसलं, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.